मुलगी स्टॉपरला खेळते, उंची कमी आहे. हा फ्रँको बारेसी कोण?

सानूची_आई

नमस्कार मंडळी. फुटबॉलमधलं मला फार कळत नाही, तेव्हा प्रश्न बावळट वाटला तर सांभाळून घ्या.

मुलगी तेरा वर्षांची. आम्ही रावेतला राहतो, ती दोन वर्षं इथल्याच एका अकादमीत जाते आणि पहिल्यापासून मागे, मधोमध खेळते. जूनपासून नवीन सर आलेत. त्यांनी परवा सगळ्यांसमोर सांगितलं की, चार फूट दहा इंचात स्टॉपर होत नाही, तू उद्यापासून विंगला खेळ. तेव्हापासून घरात सुतक आहे. बूट गॅलरीत फेकलेत आणि डबा तसाच परत येतो.

काल मैदानावर फिरायला येणारे एक आजोबा तिला म्हणाले, "अगं, बारेसी कुठे उंच होता?" तेवढं बोलून ते पुढच्या फेरीला गेले. मी घरी येऊन शोधलं. इटली, मिलान, 719 सामने, 6 नंबरची जर्सी, करंडकांची ही लांबलचक यादी. पण तो नेमकं काय करायचा, हे त्यातून काही कळलं नाही. गोल तर त्याने फारसे केलेले दिसत नाहीत.

तर तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हा माणूस इतका मोठा कशामुळे? मुलीला दाखवायचा तर त्याचा कुठला सामना दाखवू? आणि सरांशी बोलू की गप्प बसू?


मालदिनी_तीन_नंबर

बारेसी कशाला, मालदिनी दाखवा. डावा पाय, उजवा पाय, दोन्ही सारखेच. वर दिसायलाही देखणा.


सानूची_आई

@मालदिनी_तीन_नंबर, शोधून पाहिलं. सहा फूट एक इंच. अहो, आमच्या घरी रडारड कशावरून चालू आहे?


पेठेतला_स्टॉपर

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि सकाळी दुकान उघडायच्या आधी लिहायला बसलो. लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

आधी मी कोण ते सांगतो. कोल्हापूर, वय 52. अकरा वर्षं पेठेच्या टीमकडून शाहू स्टेडियमवर स्टॉपर खेळलो. कुठल्या तालमीकडून ते सांगत नाही, नाहीतर खाली भांडणं लागतील आणि तुमचा प्रश्न बाजूला राहील. माझी उंची पाच फूट सहा, ती पण बूट घालून. म्हणजे तुमच्या पोरीनं जे ऐकलं ते मी अकरा वर्षं ऐकलंय, आणि इथले प्रेक्षक सरांसारखं सभ्य भाषेत सांगत नाहीत.

बारेसी 1.76 मीटर, म्हणजे साधारण पाच फूट नऊ. आपल्याकडं ही बरी उंची, पण युरोपातल्या सेंटर फॉरवर्डांच्या गर्दीत ती कमीच. गाव त्राव्हालियातो, ब्रेशा शहराजवळ. शेतीवर राबणारं घर. आईवडील दोघंही तो पोरवयात असतानाच गेले. थोरला भाऊ ज्युसेप्पे इंटरनं, मिलान शहरातल्या दुसऱ्या क्लबनं, घेतला. धाकटा त्याच इंटरकडं चाचणीला गेला, तर म्हणाले अंगानं बारका आहे, नको. मग त्याला मिलाननं घेतलं. पुढं एक भाऊ इंटरचा कप्तान आणि दुसरा मिलानचा, एकाच शहरात, एकाच मैदानावर समोरासमोर. इंटरची माणसं काय अडाणी होती असं नाही हो. 14 वर्षांचं पोर पुढं कसं निघेल हे कुणाला सांगता येतंय?

23 एप्रिल 1978 ला व्हेरोनाविरुद्ध तो पहिल्यांदा उतरला, सतरा वर्षांचा होता. पुढच्या सीझनला, अठराव्या वर्षी, तो मिलानचा कायमचा लिबेरो. लिबेरो म्हणजे आपण ज्याला स्वीपर म्हणायचो तो. बाकीचे बॅक आपापला माणूस धरून ठेवणार आणि हा मोकळा, सगळ्यांच्या मागं. कुणाचा माणूस सुटला की हा झाडू मारणार. त्या वर्षी मिलाननं दहावी लीग जिंकली. जान्नी रिव्हेरासारख्या माणसाचा तो शेवटचा सीझन, आणि त्याच्या मागं हे मिसरूड फुटलेलं पोरगं.

इथवर गोष्ट गोड आहे. पुढं सट्ट्याच्या प्रकरणात 1980 ला मिलानला खालच्या डिव्हिजनमध्ये ढकललं. एका वर्षात वर आले आणि 1982 ला खेळून, हरून परत खाली गेले. त्या सीझनला बारेसी रक्ताच्या आजारानं काही महिने मैदानाबाहेरच होता. 1982 चा वर्ल्ड कप इटलीनं जिंकला, त्या संघात हा होता पण एक मिनिट खेळला नाही, कारण त्याच्या जागेवर शिरेआ नावाचा मोठा लिबेरो होता. वर्ल्ड कपविजेत्या संघातला खेळाडू परत येऊन दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळला, तेही 22 व्या वर्षी कप्तान होऊन. 1986 च्या वर्ल्ड कपला तर निवडलाच नाही. भाऊ गेला, हा घरी.

ताई, आता मुद्द्याचं. 27 वर्षांचा होईपर्यंत हा माणूस चांगला स्वीपर होता, बस. आज आपण ज्याच्याबद्दल बोलतोय तो बारेसी 1987 नंतरचा.

त्या वर्षी अरिगो साक्की नावाचा कोच आला. स्वतः कधी व्यावसायिक फुटबॉल खेळलेला नाही, आधी बुटांच्या धंद्यात होता. त्याच्या पार्मानं आदल्या सीझनला इटालियन कपमध्ये मिलानला मिलानच्या मैदानावर हरवलेलं, म्हणून मालकानं यालाच उचलला. यानं येऊन सांगितलं की आजपासून कुणी माणूस धरायचा नाही. चौघं बॅक एका ओळीत राहतील, आणि शेवटच्या बॅकपासून पुढच्या फॉरवर्डपर्यंत साधारण 25 मीटरमध्ये अख्खी टीम बसली पाहिजे. म्हणजे बॅकनी जवळजवळ सेंटर लाइनपर्यंत चढायचं. पाठीमागं अर्धं मैदान रिकामं!

स्वीपरला हे सांगणं म्हणजे दहा वर्षं गल्ल्यावर बसलेल्याला तू आता दुकानाबाहेर उभा राहा म्हणण्यासारखं. बारेसीच्या गळी ते लगेच उतरलं नाही. साक्कीनं त्याला व्हिडिओ दाखवले, कुणाचे? जान्लुका सिन्योरिनीचे. पार्माकडून खालच्या डिव्हिजनमध्ये साक्कीच्या हाताखाली खेळलेला लिबेरो. विचार करा, मिलानच्या कप्तानाला खालच्या डिव्हिजनचा बॅक दाखवून सांगायचं, असं खेळ. आमच्या पेठेत असं कुणी केलं असतं तर कोचला रंकाळ्यात बुडवला असता. बारेसीनं बघितलं आणि शिकला. मला हा माणूस आवडतो त्याचं निम्मं कारण हे आहे.

साक्कीनंच पुढं सांगितलेला एक किस्सा आहे. मिलानचे फॉरवर्ड खुलीत आणि व्हान बास्टन म्हणाले, हे ओळीत उभं राहणं कशाला? साक्की म्हणाला, ठीक. गोलकीपर आणि चार बॅक एका बाजूला: गाली, तासोत्ती, कोस्ताकुर्ता, बारेसी, मालदिनी. समोर तुम्ही दहा जण: खुलीत, व्हान बास्टन, राइकार्ड, आंचेलोत्ती, दोनादोनी वगैरे. पंधरा मिनिटं. अट एवढीच की बॉल गेला की तुम्ही परत आपल्या अर्ध्यातून सुरू करायचं. पंधरा मिनिटांत गोल नाही. परत खेळा म्हणाला, परत नाही. दहा विरुद्ध पाच हो! त्या पाचातला सगळ्यात उंच कोण, हे त्या पंधरा मिनिटांत कुणाला आठवलंसुद्धा नसेल.

यात बारेसी काय करायचा? चौघांच्या ओळीनं कधी पुढं सरकायचं आणि कधी मागं पळायचं, हे तो ठरवायचा. समोरच्यानं बॉल मागं दिला, किंवा बॉलवाल्याची पाठ आपल्याकडं झाली, की बारेसी ओरडायचा आणि चौघं एकदम चार पावलं पुढं. समोरचे दोन फॉरवर्ड आपोआप ऑफसाइडमध्ये, म्हणजे बॉल त्यांच्याकडं मारला जाताना ते शेवटच्या बॅकच्याही पलीकडं, गोलच्या बाजूला, आणि तो खेळ बाद. मग हात वर. तुम्ही त्याचा कुठलाही फोटो बघा, निम्म्यांत तो उजवा हात वर करून उभा दिसेल. आणि बॉलवाल्यानं मान वर करून पुढं बघितलं, अंगावर कुणी नाही, की बारेसीनं आधीच मागं पळायला सुरुवात केलेली असायची. दुसऱ्यापेक्षा जोरात नाही, पण दोन सेकंद आधी. दोन सेकंद म्हणजे दहा-बारा मीटर झाले. एवढी उसनवारी मिळाली तर पाच फूट सहावाला सुद्धा जगतो, मी जगलोय.

आणि हेडिंग? बॉल उंच येणार हे आधी कळलं की फॉरवर्डच्या पुढं जागा घ्यायची, त्याला उडी मारायला मोकळं अंग द्यायचं नाही. उंची नंतर.

करंडकांचं पटकन सांगतो, यादी तुम्ही वाचलीच आहे. 1988 ची लीग. 1989 ला रेआल माद्रिदचा सेमीफायनलमध्ये 5-0 असा फडशा आणि फायनलला रोमानियाच्या स्टेउआवर 4-0. 1990 ला परत युरोपियन कप. 1989 च्या बॅलन डी'ओरला, म्हणजे युरोपातल्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूच्या बक्षिसाला, व्हान बास्टन पहिला, हा दुसरा, राइकार्ड तिसरा. पुढं कापेल्लो कोच म्हणून आला आणि लीगमध्ये सलग 58 सामने हे लोक हरले नाहीत. 1993-94 ला तर 34 सामन्यांत फक्त 36 गोल मारले आणि लीग जिंकली, कारण खाल्ले होते 15. मला तो सीझन 5-0 पेक्षा आवडतो. आमच्या सेंटर फॉरवर्डला हे सांगितलं की तो चिडतो.

आता 1994. हे मला नीट सांगू द्या.

वर्ल्ड कप अमेरिकेत. साक्की इटलीचा कोच, बारेसी 34 वर्षांचा कप्तान. दुसरा सामना 23 जूनला नॉर्वेशी. त्यात त्याच्या गुडघ्याची गादी फाटली, मेनिस्कस. दुर्बिणीतून ऑपरेशन केलं. सगळ्यांनी धरून चाललं की याचा वर्ल्ड कप संपला. इटली रडतखडत पुढं गेली: नायजेरिया 2-1, स्पेन 2-1, बल्गेरिया 2-1. फायनल 17 जुलैला. कोस्ताकुर्ता दोन पिवळ्या कार्डांमुळं बाहेर, तासोत्तीवर स्पेनच्या खेळाडूला कोपर मारल्याबद्दल आठ सामन्यांची बंदी. आणि ऑपरेशन झालेला बारेसी 24 दिवसांनी, दुपारच्या उन्हात, ब्राझीलच्या रोमारियो आणि बेबेतोसमोर उभा.

आपल्याकडं रात्रीचा एक वाजला होता. पेठ सगळी ब्राझीलची, कोल्हापूर तुम्हाला माहीत असेलच. तालमीत एक टीव्ही, समोर साठ-सत्तर माणसं, बाहेर जुलैचा पाऊस, आणि कौलातून गळणाऱ्या पाण्याखाली लावलेली बादली. मी पण ब्राझीलचाच, पिवळा बनियन घालून. पण स्टॉपर खेळायचो म्हणून डोळा सारखा त्या 6 नंबरवर. रोमारियोला 120 मिनिटं त्यानं काही करू दिलं नाही. एकदा इटलीचा गोलकीपर पागलिउका याच्या हातातून बॉल निसटून खांबाला लागला तेवढीच ब्राझीलची खरी संधी म्हणायची, आणि त्यात बारेसीची काय चूक? शेवटी शेवटी पायात गोळे येऊन तो खाली पडला होता, दुसऱ्यांनी पाय ताणून दिले.

0-0. पेनल्टी. पहिली मारायला कोण यावा? हाच. आणि बॉल बारच्या वरून.

तालमीत असा काही गोंगाट झाला की बादली लवंडली. मी पण ओरडलो, खोटं कशाला सांगू. तो गुडघ्यावर बसला, तोंड झाकलं, तेव्हाही आम्ही नाचतच होतो. नंतर इटलीच्याच मास्सारोची अडवली, शेवटी त्यांच्या बाज्योनं पण वरून मारली, 3-2. सगळ्या जगाला बाज्योची आठवते. पहिली कुणाची गेली ते विचारा.

एक सांगतो. त्याच्या आधीच्या वर्ल्ड कपला, 1990 ला नेपल्समध्ये अर्जेंटिनाशी पेनल्टी झाल्या, तेव्हा पण इटलीची पहिली यानंच मारली होती आणि ती आत गेली होती. पेनल्टीला नवखा नव्हता तो. पायच संपलेले होते.

दोन वर्षांनी, 1996 ला, माझी तीच गादी फाटली. एक जण म्हणाला ऑपरेशन, पैसे नव्हते. लेप लावला, पट्टी बांधली, तीन आठवड्यांनी सेमीफायनल होती ती खेळलो. "बारेसी 24 दिवसांत खेळला" असं आईला सांगून खेळलो. आईनं विचारलं, तो कोण रे, कुणाचा मुलगा? आज लग्नाच्या पंगतीत मला मांडी घालून बसता येत नाही, खुर्ची मागावी लागते. तेव्हा पोरीला हा सामना दाखवणार असाल तर हे पण सांगा की त्याच्याकडं ऑपरेशन होतं, फिजिओ होते, आणि समोर वर्ल्ड कपची फायनल होती. आपल्याकडं हळद होती.

सरांशी बोलायचं का? बोला, पण उंचीवरून वाद घालू नका, तो तुम्ही हराल. एकच विचारतो, मुलगी मैदानात ओरडते का? बॉल लांब असताना शेजारच्या बॅकला "चढ", "थांब", "मागं" असं सांगते का? सांगत असेल तर सरांना म्हणा, दोन सामने तिला मागं ठेवून नुसतं ऐका. आणि गप्प खेळत असेल तर विंगला जाऊ दे, बिघडत नाही काही.

दुकान उघडायला उशीर झाला. येतो.


लाइनमन_निवृत्त

वरचं वाचलं, छान लिहिलंय, पण आई मंडळी हे वाचून मुलांना हात वर करायला शिकवतील म्हणून लिहितो. जिल्हा पातळीवर सतरा वर्षं झेंडा धरला आहे.

बारेसीच्या भरभराटीच्या काळात, म्हणजे 1990 पर्यंत, फॉरवर्ड शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या अगदी रेषेत असला तरी ऑफसाइड धरला जायचा. त्या वर्षी नियम बदलला, रेषेत असेल तर ऑनसाइड. 1992 पासून बॅकने पायाने मुद्दाम मागे दिलेला बॉल गोलकीपरला हातात घेता येईना. पुढे तर नुसता ऑफसाइड जागेत उभा आहे, खेळात भाग घेत नाही, अशाला सोडून द्यायचं आलं. म्हणजे चार पावलं पुढे सरकून हात वर करण्यात जी खात्री होती ती उरली नाही. बारेसी 1997 पर्यंत खेळला, म्हणजे हे पहिले दोन्ही बदल पचवून खेळला. त्याचं मोठेपण मला इथे जास्त दिसतं. पायात बॉल घेऊन बाहेर पडणं त्याला आधीपासून येत होतं, म्हणून 1992 चा नियम त्याला जड गेला नाही. ज्यांना फक्त लाथ मारून बॉल उडवता यायचा त्यांचे हाल झाले.

आणि त्या वर केलेल्या हाताबद्दल. आम्हा झेंडेवाल्यांवर तो दबाव असतो, दुसरं काही नाही. प्रत्येक पेठेत एक बारेसी असायचा, हात वर करून माझ्याकडे डोळे वटारणारा. वर लिहिणारे साहेब त्यातलेच असावेत.

तेरा वर्षांखालच्या सामन्यांत झेंडा बहुतेक वेळा कुणाच्या तरी वडिलांच्या किंवा राखीव खेळाडूच्या हातात असतो. त्यांच्या भरवशावर ऑफसाइड ट्रॅप लावू नये. मुलीला हात खाली ठेवून पळायला सांगा.


पेठेतला_स्टॉपर

@लाइनमन_निवृत्त, साहेब, दंडवत. 1998 ला शाहू स्टेडियमवर, पूर्वेच्या गोलकडं, रेषेत असलेला माणूस तुम्ही सोडला होता का? तुम्हीच असाल तर तो ऑफसाइड होता. 28 वर्षं होत आली, आज पण होता.


लाइनमन_निवृत्त

रेषेत होता म्हणता, मग ऑनसाइडच. वर नियम लिहिलाय.


मिलानोतला_डोंबिवलीकर

मी इथे शिकायला आलो आणि कामाला राहिलो, त्याला आता सहा वर्षं झाली. दोनच गोष्टींची भर घालतो.

इथे नाव "बारेझी" असं कानावर पडतं. आणि म्हातारी माणसं त्याला "पिशिनिन" म्हणतात, मिलानच्या बोलीत म्हणजे "छोटू". कोवळ्या वयात मोठ्यांच्या संघात आला तेव्हा चिकटलेलं नाव, पन्नाशी ओलांडून गेल्यावरही सुटलं नाही. काही जण "कायझर फ्रान्त्स" म्हणतात, जर्मनीच्या बेकेनबाउअरवरून. आमच्या कॉफीच्या दुकानातल्या आजोबांना मी एकदा विचारलं की यातलं बरोबर कुठलं. ते म्हणाले, रविवारी कायझर, इतर दिवशी पिशिनिन. सानूला शाळेत कुणी बुटकी म्हणून चिडवत असेल तर हे नाव तिला सांगा.

दुसरं म्हणजे, पेठेतल्या दादांनी जे सांगितलं, बॉलवाल्याची पाठ असेल तर चढायचं आणि मान वर असेल तर मागे पळायचं, त्याला इथे नावं आहेत. "पाल्ला कोपेर्ता" आणि "पाल्ला स्कोपेर्ता", झाकलेला चेंडू आणि उघडा चेंडू. माझ्या घराच्या मागे चर्चचं छोटं मैदान आहे. तिथे आठ-नऊ वर्षांच्या पोरांना एक काका शिकवतात. काका बॉल घेऊन पाठ फिरवतात, पोरं "कोपेर्ता" ओरडत पुढे येतात. काका वळून समोर बघतात, "स्कोपेर्ता", सगळी मागे पळतात. अर्धा तास हेच, आणि पोरं हसून लोळतात. हे घरच्या गच्चीवर दोघींना करता येईल. मराठीत "झाकला" आणि "उघडा" म्हणा.

सामना दाखवायचा असेल तर 19 एप्रिल 1989, मिलान-रेआल माद्रिद. पण गोलांचे तुकडे दाखवू नका, पूर्ण सामना शोधा. पहिली वीस मिनिटं तिला सांगा, बॉलकडे बघायचं नाही, फक्त 6 नंबरकडे. अवघड जातं, डोळे सारखे बॉलकडे पळतात. मला तीन वेळा मागे न्यावं लागलं.

1997 ला तो थांबला तेव्हा क्लबने 6 नंबर कायमचा बंद केला. वीस सीझन आणि एकच क्लब. तो फार बोलत नाही म्हणून त्याच्या मुलाखतींतून काही हाती लागत नाही, म्हणून त्याला बघावंच लागतं.


मालदिनी_तीन_नंबर

तीन नंबरही ठेवून दिलाय, फक्त मालदिनीच्या मुलांसाठी. एवढंच नोंदवून ठेवतो.


सानूची_आई

सगळ्यांचे आभार. रविवारपर्यंतचा वृत्तांत देते.

पेठेतले दादा, तुमचा प्रश्न मी तिला विचारला नाही, शनिवारी स्वतः जाऊन गोलच्या मागे उभी राहिले. दोन वर्षं मी त्या मैदानावर जाते, पण नेहमी पार्किंगच्या बाजूला, मोबाइल बघत. ओरडते हो. घरी "पाणी दे" सुद्धा हळू आवाजात म्हणणारी माझी मुलगी, तिच्यापेक्षा डोकंभर उंच मुलींना नावं घेऊन ओरडत होती. "रिया, मागे बघ! मागे!" विंगला होती, तरी मागच्यांनाच ओरडत होती. एकदा सर तिला म्हणाले, तुझं तिकडे काय काम आहे?

सामना संपल्यावर सरांशी बोलले. उंची हा शब्द काढलाच नाही. म्हटलं, सर, दोन सामने मागे ठेवून ती काय बोलते तेवढं ऐकाल का? ते म्हणाले, बघतो. एका सामन्याला हो म्हणालेत, दुसऱ्याचं नंतर.

माद्रिदचा सामना लावला होता. पंधराव्या मिनिटाला म्हणाली, "आई, हा सारखा मागे वळून बघतोय, घाबरतो का?" मला उत्तर आलं नाही. पाच मिनिटांनी तिनंच सांगितलं, "नाही, मोजतोय."

1994 चा मात्र अजून दाखवला नाही. दादा, तुमचं पंगतीचं वाचून दाखवलं, तर तिनं विचारलं की तुमची ती सेमीफायनल कोण जिंकलं. कळवा.


पेठेतला_स्टॉपर

हरलो. पेनल्टीवर. मी मारली नाही, पाय उचलत नव्हता.

सानूला सांगा, मोजत होता हे बरोबर.